आप्पा, मी विषय बदलला

प्रिय आप्पा,
जयभीम.

उद्या सकाळी दहा वाजता सरकारी साहेब आमच्या कंपनीत येणार आहेत. कारखान्यात अपघात झाला की ते जबाब घ्यायला येतात. माझाही जबाब व्हायचाय. दोन दिवस झाले, माझं कशात लक्ष लागत नाही. आज चपात्या लाटताना लाटणं दोनदा सटकलं. आईला दौंडला फोन केला तर ती मिळेल त्या गाडीनं शिरूरला येईल आणि माझ्याआधी तीच रडायला लागेल. म्हणून तुम्हाला लिहितेय. तुम्हाला जाऊन दीड वर्ष झालं. हे माझं तुम्हाला पहिलंच पत्र. जिवंतपणी कधी लिहिलं नाही, तेव्हा फोन होता ना.

आज रविवार आहे. तुमचे जावई गाडी धुवायला नदीकडं गेलेत, नातू खेळायला. घरात मी एकटी आहे आणि मला भीती वाटतेय, आप्पा. लहानपणी कुत्र्याची वाटायची तशी नाही. कुत्रं गेलं की ती जायची, ही जात नाही.

तुम्ही दौंडच्या कोर्टात पट्टेवाले होता. दिवसभर दाराशी उभं राहून लोकांची नावं पुकारायची आणि उरलेल्या वेळात ऐकायचं, एवढंच तुमचं काम. पण ते ऐकलेलं तुम्ही घरी घेऊन यायचा. आई भाकरी थापायची, मागून मालगाडी गेली की फळीवरची भांडी थरथरायची आणि तुम्ही आम्हाला भांडणं सांगायचा.

ते दोन भाऊ आठवतात का? शेताच्या बांधावरून कोर्टात आलेले. धाकट्याच्या वकिलानं थोरल्याला विचारलं, "आईच्या आजारपणात तुम्ही किती वेळा दवाखान्यात गेलात?" थोरला तिथंच रडायला लागला. सगळं कोर्ट त्याच्याकडं वाईट नजरेनं बघायला लागलं. तेव्हा जज्जसाहेब म्हणाले, "बांध कुठं होता ते सांगा." हे सांगून तुम्ही घास हातात तसाच धरून मला आणि माझ्या पाठच्या मिलिंदला विचारलं, "आता बोला. आईचं आजारपण आन् बांध, ह्याचा संबंध काय?"

मिलिंद म्हणाला, "पण तो वाईट होता ना, आप्पा?"

"आसंल की. वाईट माणसाचा बांध सरकवायचा आसतो का?"

मी तेव्हा चौथीत असेन. त्यानंतर आपल्या घरात तुमचंच कोर्ट सुरू झालं. शेजारच्या काकूंची काच फुटली तेव्हा मिलिंद म्हणाला, "ताईपण काल खोटं बोलली होती." तुम्ही शांतपणे म्हणालात, "बोलली आसंल. काच कुणी फोडली?" आई वैतागायची. म्हणायची, "तुमचं कोर्ट पाच वाजता सुटलं, ते घरात आणू नका." पण आम्हाला त्या खेळाचा नाद लागला होता. टीव्हीवर पुढाऱ्यांची भांडणं लागली की मी आणि मिलिंद पैज लावायचो, कोण आधी विषय बदलतो.

इतकं सगळं शिकवून तुम्ही माझ्याशी तसं का वागलात, आप्पा?

बारावी झाल्यावर मी म्हणाले, मला पुण्याला जाऊन वकिली शिकायचीय. तुम्ही कोर्टातून येऊन नुकतेच बसला होता, पट्टासुद्धा काढला नव्हता. मला वाटलं, तुम्हाला आनंद होईल. तुम्ही म्हणालात, "तुझ्या आईनं लोकांच्या रानात खुरपून तुला वाढवलं, आन् तू तिला टाकून जाणार व्हय?" आई चुलीपुढं बसली होती. तिनं मान खाली घातली. मी गप्प झाले.

मला कळलं होतं. आईनं खुरपलं ते खरं, पण त्याचा आणि वकिलीचा संबंध काय, हे विचारायला तुम्हीच मला शिकवलं होतं. पण ते तुम्हालाच कसं विचारणार? मी आयटीआय केला, लग्न होऊन शिरूरला आले, कंपनीत लागले.

मग खूप वर्षांनी, मामांच्या मुलीच्या लग्नाहून येताना यवतच्या स्टँडवर आपण बसची वाट बघत बसलो होतो. तुम्ही एकदम म्हणालात, "त्या दिवशी मी तुला उत्तरच दिलं न्हाई, सुनंदा. मी भ्यालो होतो. पुण्यात तुझं कसं व्हईल, कोण बघंल, काय कळंना. आन् भ्यालो म्हणाया लाज वाटली. म्हणून तुझ्या आईला मधी घातली."

मी काहीच बोलले नाही. बस आली, तुम्ही माझी पिशवी उचललीत. मी तेव्हा एक शब्द बोलायला हवा होता. तुम्ही इतक्या वर्षांनी कबूल केलंत आणि मी खिडकीबाहेर बघत बसले.

आणि शेवटचा फोन. तो मला आठवायचा नसतो, पण आज लिहायलाच बसलेय तर लिहिते. तुम्ही म्हणालात, "छातीत जड वाटतंय गं. दवाखान्यात जाऊ का?" मी पाळीवरून दमून आले होते. मी म्हणाले, "किती वर्षं सांगतेय, तंबाखू सोडा. सोडलीत का कधी?" तुम्ही हसलात. म्हणालात, "ते खरंच हाय तुझं. पर मी इचारलं काय आन् तू सांगती काय." मग मीही हसले, आणि म्हणाले, शनिवारी येते, तेव्हा जाऊ. शुक्रवारी मिलिंदचा फोन आला.

तंबाखूचं खरं होतं. तुम्ही विचारलं होतं एवढंच, की आज जाऊ का. त्याचं उत्तर 'हो' होतं, आप्पा. एका अक्षराचं. पुण्यानुमोदनाला सगळे तुमच्याबद्दल चांगलं बोलत होते आणि मी विहारात मागच्या रांगेत बसून तेच एक अक्षर मनात म्हणत होते.

आता कंपनीचं सांगते.

आमच्याकडं पत्रा दाबायची प्रेस मशीनं आहेत. हातानं पत्र्याचा तुकडा आत ठेवायचा, पायानं पेडल दाबायचं, वरून साचा खाली येतो. मशीनच्या तोंडाशी सेन्सर असतो. हात आत असला की मशीन जागच्या जागी थांबतं. पण तेल उडालं, धूळ बसली, तरीही ते उगाच थांबतं, आणि मग माल कमी निघतो. तो सेन्सर एका चावीनं बंद करता येतो. ती चावी फक्त मेंटेनन्सकडं असायला पाहिजे.

आमच्या पाळीचे इनचार्ज शेळके साहेब. चार नंबरचं मशीन सारखं थांबायला लागलं तेव्हा त्यांनी चावी मागवून सेन्सर बंद केला आणि चावी खिशात ठेवली. मी लाईन लीडर आहे. मी बघितलं. मी त्यांना म्हणाले, "साहेब, हे बरोबर नाही." ते म्हणाले, "ताई, दोन दिवसांचा प्रश्न हाय." आठवड्यानं मी पुन्हा म्हणाले. ते म्हणाले, "बघतो." तिसऱ्यांदा मी म्हणाले नाही. तीन आठवडे चार नंबर तसंच चाललं.

चार नंबरवर पिंकी होती. झारखंडची पोरगी, बावीस वर्षांची, कंत्राटावर. कामाला चपळ. डब्यात रोज बटाटा असायचा, म्हणून मी तिला माझी भाजी द्यायचे. त्या दिवशी सकाळच्या चहानंतर तिचा उजवा हात साच्याखाली गेला. दोन बोटं गेली, आप्पा. अंगठ्याशेजारची. ती ओरडलीसुद्धा नाही. हात बघत उभी राहिली आणि मला म्हणाली, "दीदी, ये क्या हुआ?"

मी लाल बटण दाबून मशीन बंद केलं. तेव्हा दाबलं.

दुसऱ्या आठवड्यात कंपनीनं आत चौकशी ठेवली. एसीच्या खोलीत एचआरच्या मॅडम, शेळके साहेब, कंत्राटदाराचा माणूस आणि मी. पिंकी अजून दवाखान्यात होती. टेबलावर चहा-बिस्किटं होती.

मॅडमनी विचारलं, "काय झालं सांगा." मी म्हणाले, "चार नंबरचा सेन्सर बंद होता."

कंत्राटदाराचा माणूस लगेच म्हणाला, "ती पोरगी चहाच्या सुट्टीत फोनवर बोलत होती. दिवसभर त्या फोनवरच असते. कुणीतरी पोरगा आहे म्हणतात."

मला तुमचा आवाज ऐकू आला असं मी म्हणणार नाही. पण सवय होती. मी म्हणाले, "असेल पोरगा. सुट्टीतला फोन सुट्टीत संपला. सेन्सर चालू होता का?"

शेळके साहेब म्हणाले, "आजूबाजूच्या कंपन्यांत जाऊन बघा ताई, तिकडं तर सेन्सरच न्हाईत. आपली कंपनी किती चांगली."

मी म्हणाले, "तिकडं नसतील, साहेब. आपल्या चार नंबरला आहे. तो चालू होता का?"

मग मॅडम जवळ सरकल्या. अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "सुनंदाताई, या कंपनीनं तुम्हाला लाईन लीडर केलं. तेव्हा या डिपार्टमेंटमध्ये एकही बाई लीडर नव्हती. विसरलात?"

हे जड गेलं, आप्पा. खरंच केलं होतं त्यांनी. मला एकदम वाटलं की मी त्यांच्या घरात बसून त्यांच्याच ताटाला नावं ठेवतेय. पण लीडर केलं म्हणून बंद सेन्सर चालू होतो का? मी म्हणाले, "नाही विसरले, मॅडम. पण चावी मेंटेनन्सकडं नव्हती."

तेव्हा शेळके साहेब खुर्चीत मागं टेकले आणि म्हणाले, "तुम्हा लोकांना ना, प्रत्येक गोष्टीत अन्यायच दिसतो."

तुम्हा लोकांना. सगळ्यांना कळलं कुणाबद्दल ते. मला उठून विचारायचं होतं, 'आम्ही लोक म्हणजे कोण, साहेब?' आणि मी विचारलं असतं तर तास-दोन तास तेच चाललं असतं. मी कशी बोलले, ते काय म्हणाले, त्यांचा अर्थ तसा नव्हता, मी माफी मागायची का त्यांनी. आणि पिंकीची दोन बोटं त्या टेबलाखाली पडून राहिली असती. त्यांना तेच हवं होतं. मी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि म्हणाले, "ते आपण वेगळं बोलू, साहेब. मी ते सोडणार नाही. आत्ता एवढंच सांगा, चावी कुणाच्या खिशात होती?"

शेळके साहेब मॅडमकडं बघायला लागले. मॅडमनी काहीतरी लिहिलं. मला वाटलं, जमलं. आप्पा, खरं सांगते, त्या घटकेला मला तुमचा अभिमान वाटला आणि माझाही.

आणि तेवढ्यात मॅडमनी मान वर करून विचारलं, "सेन्सर बंद आहे हे तुम्हाला तीन आठवडे माहीत होतं. लाईन थांबवायचा अधिकार लीडरला असतो. तुम्ही लाईन का थांबवली नाही?"

मी म्हणाले, "मी साहेबांना दोनदा सांगितलं होतं."

"ते झालं. लाईन का थांबवली नाही?"

मी म्हणाले, "त्या दिवसांत माझा मुलगा आजारी होता, मॅडम. माझं लक्ष नव्हतं." मुलगा आजारी होता, हे खरं. दोन दिवस ताप होता. तीन आठवडे नव्हता.

"ताई, मी लाईनबद्दल विचारतेय."

मी म्हणाले, "आम्ही बायकांनी काय काय बघायचं?"

आणि मग मला ऐकू आलं, आप्पा. तुमचा नाही, माझाच आवाज. त्या खोलीत आलेल्या सगळ्या प्रश्नांत हा एकच प्रश्न मुद्द्याचा होता, आणि त्याच्यावर मी विषय बदलला होता. एकदा नाही, तीनदा. मॅडमनी तो मला अडकवायला विचारला असेल. असू दे. कशासाठी विचारला त्यानं प्रश्न चुकीचा ठरत नाही.

चौकशी तशीच संपली. पार्किंगमध्ये शेळके साहेब माझ्या मागून आले. म्हणाले, "ताई, लाईन तुमच्या नावावर हाय. सरकारी साहेबापुढं इचार करून बोला. बोलायला गेलात तर सगळ्यात आधी तुमचंच नाव येईल." त्या दिवसापासून मला स्टोअरमध्ये एका टेबलाशी बसवलंय. काम काही नाही. येणारे-जाणारे बघतात आणि बोलत नाहीत. आठ तास नुसतं बसणं किती भयंकर असतं ते मला माहीत नव्हतं.

घरी तुमचे जावई म्हणतात, "लेखी काही नाही तुझ्याकडं. सांगितलं होतं हे कोण मानणार? मला आठवत नाही म्हण आणि मोकळी हो." मग म्हणाले, "आप्पा असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं, की पोरी, आधी घर बघ."

तुम्ही असं म्हणाला असता का? मला खरंच माहीत नाही. यवतच्या स्टँडवरचे तुम्ही वेगळं म्हणाला असता आणि बारावीच्या वेळचे तुम्ही कदाचित हेच. पण मला ह्यांचा राग आला नाही. तेही भ्यालेत. भ्यालो म्हणवत नाही, म्हणून तुम्हाला मध्ये घातलं.

आणि पिंकी. दवाखान्यात मी तिला भेटायला गेले तेव्हा तिनं इतकंच विचारलं होतं, "दीदी, आपको मालूम था ना? आपने मशीन बंद क्यों नहीं किया?" तिच्या आवाजात राग नव्हता. खरंच जाणून घ्यायचं होतं तिला. मी म्हणाले, "मेरा भी घर है, पिंकी." ती "हाँ दीदी" म्हणाली आणि भिंतीकडं वळली.

आज सकाळी मी पुन्हा तिच्याकडं गेले. ती परवा खोलीवर आलीय. चार पोरी मिळून राहतात, बाकीच्या बाजारात गेल्या होत्या. मी दारात चपला काढल्या. आत जाऊन खाली बसले आणि बसल्या बसल्या सांगितलं. चहा-पाणी, तब्येत काही न विचारता. थांबले असते तर पुन्हा दुसरंच काहीतरी बोलले असते.

"पिंकी, मुझे मालूम था. मैं मशीन बंद कर सकती थी. नहीं किया. डर गई थी. लाईन रोकी तो लीडर से हटा देंगे, इसका डर था. और कुछ नहीं था."

ती तिच्या हाताकडं बघत राहिली. पंखा फिरत होता. मला वाटलं, आता ती जा म्हणेल. ती म्हणाली, "बाकी सब बोलते हैं, मेरी किस्मत."

मग तिनं डाव्या हातानं कोपऱ्यातला कंगवा ओढला आणि माझ्यापुढं ठेवला. "बाल बाँध दोगी, दीदी? एक हाथ से नहीं होता."

मी तिची वेणी घातली. केस खूप दिवस विंचरलेले नव्हते, गुंता होता. हळूहळू सोडवला. शेवटी रबर लावताना तिनं मान न वळवता विचारलं, "कल आप ये बोलोगी? उनके सामने भी?"

मी "हो" म्हणाले.

म्हणजे माफी मिळाली असं नाही, आप्पा. ती मला माफ करेल की नाही, हे मला विचारावंसंही वाटलं नाही. येताना रस्ता ओलांडायला मी कितीतरी वेळ उभी होते. ट्रक जात राहिले.

आता संध्याकाळ व्हायला आली. नातू येईल, त्याला भूक लागलेली असेल. भीती होती तिथंच आहे. नोकरी जाईल, खटला माझ्यावरच भरतील, डिपार्टमेंटमधल्या बाया म्हणतील हिनंच पोरीचा हात घालवला. यातलं काही होणार नाही असं मला कुणी सांगू शकत नाही, आणि सांगितलं तरी मी विश्वास ठेवणार नाही.

पण तुम्हाला एक वचन देते. उद्या त्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारायच्या आधी मी माझं सांगेन. सेन्सर तीन आठवडे बंद होता. चावी शेळके साहेबांच्या खिशात होती. मला माहीत होतं, मी लाईन थांबवू शकत होते, मी थांबवली नाही, कारण मी भ्याले. तुमचं नाव मध्ये घेणार नाही, नातवाचा ताप सांगणार नाही, घराचं सांगणार नाही. मग जबाब वाचून बघेन आणि सही करेन.

तुमची,
सुनंदा